केसपेपरांच्या कपाटातून

दवाखाना सुरू करून दहा-बारा वर्षं झाली की फॅमिली डॉक्टरच्या मनात एक प्रश्न घर करतो. बरोबर शिकलेले मित्र एव्हाना एमडी, एमएस झालेले असतात. कुणाचं वीस खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलेलं असतं. बॅचचं संमेलन होतं, 'तू सध्या काय करतोस?' असं कुणी सहज विचारतं आणि 'जनरल प्रॅक्टिस' हे दोन शब्द उच्चारताना आवाज नकळत खाली येतो. सकाळी साडेनऊ ते दीड, संध्याकाळी सहा ते दहा. ताप, खोकला, जुलाब, बीपीच्या गोळ्या, शाळेसाठी सर्टिफिकेट. लोकांचा विश्वास आहे, घर नीट चाललं आहे, पण आपलं शिकणं कुठेतरी थांबलं ही बोच जात नाही.

या बोचेवर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, पुन्हा नीट-पीजीला बस. पस्तिशी-चाळिशीत कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळा सांभाळून ते फार थोड्यांना जमतं. दुसरा, शनिवार-रविवारचा एखादा कोर्स कर आणि त्वचा उजळवण्याचं यंत्र आण. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ज्या घरांच्या तीन पिढ्या डॉक्टरला ठाऊक आहेत, त्या घरांतल्या दुखण्यांशी त्या यंत्राचं काही नातं नसतं. पैसे येतील, पण आजीच्या सुजलेल्या पायांबद्दल डॉक्टरला काल जेवढं कळत होतं तेवढंच उद्याही कळेल.

फॅमिली डॉक्टरच्या वाढीच्या वाटा त्याच्याच केसपेपरांच्या कपाटातून निघतात, असं मला वाटतं. कोणता कोर्स करावा, कुठे नोकरी धरावी, कशाचा अभ्यास करावा, या सगळ्याचं उत्तर आधी तिथे शोधायला हवं. ज्यांनी ते शोधलं त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात बर्नली नावाचं एकेकाळचं कापडगिरण्यांचं गाव आहे. 1879 मध्ये जेम्स मॅकेन्झी हा तरुण डॉक्टर तिथे जनरल प्रॅक्टिसमध्ये रुजू झाला. त्याच्या देखरेखीखाली असलेली एक तरुण बाई बाळंतपणात हृदय निकामी होऊन दगावली. हृदयात दोष असलेल्या कोणत्या गर्भवतीला धोका आहे आणि कुणाला नाही, हे आपल्याला आधी का सांगता आलं नाही, हा सल त्याला राहिला. पुस्तकांत उत्तर नव्हतं. तेव्हा त्याने स्वतःच्या पेशंटच्या नाडीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. मानेतल्या शिरेची हालचाल आणि मनगटाची नाडी एकाच वेळी कागदावर उमटवणारं पॉलिग्राफ नावाचं उपकरण त्याने घडवून घेतलं. नाडी अडखळते म्हणजे हृदय गेलं, अशी त्या काळची समजूत होती. मॅकेन्झीकडे मात्र अशी माणसं होती, जी नाडी अडखळत असूनही पंधरा-पंधरा वर्षं गिरणीत कामाला जात होती. ती त्याच गल्लीत राहत होती आणि त्याच्याकडेच येत होती, म्हणून त्याला हे दिसलं. कोणतं अडखळणं निरुपद्रवी आणि कोणतं घातक, हा भेद या नोंदींतून उभा राहिला. नाडीवरचं त्याचं पुस्तक 1902 मध्ये आलं, तेव्हा तो बर्नलीतच पेशंट तपासत होता.

दुसरा डॉक्टर यॉर्कशायरच्या डोंगरदरीतला. एस्गार्थ गावच्या विल्यम पिकल्सकडे आसपासच्या खेड्यांतली काही हजार माणसं येत. दरीत ये-जा कमी, त्यामुळे साथ आली की ती कुणाबरोबर आली हे शोधता येई. काविळीच्या एका साथीत पिकल्सला आठवलं की एक मुलगी सकाळी काविळीने अंथरुणात पडलेली आपण पाहिली होती, आणि दुपारी ती उठून गावच्या जत्रेला गेली होती. जत्रेत तिच्या सहवासात आलेली माणसं किती दिवसांनी आजारी पडली ते त्याने मोजलं. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत या काविळीला किती दिवस लागतात, याचा अंदाज त्यातून बांधता आला. रोजचे रोगी रंगांच्या खुणांनी तक्त्यावर मांडायच्या कामात त्याची पत्नी मदत करी. खेड्यातल्या प्रॅक्टिसमधल्या साथींवरचं त्याचं पुस्तक 1939 मध्ये निघालं. ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांनी 1952 मध्ये आपलं कॉलेज स्थापन केलं, तेव्हा पहिला अध्यक्ष म्हणून त्यांनी पिकल्सला निवडलं.

आता आपल्या कोकणात येऊ. 1976 मध्ये हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे एमबीबीएस डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाचा सुळसुळाट. भाताच्या पेंढ्यात, सरपणात, चपलेत विंचू सापडायचा. दंश झालेलं माणूस, विशेषतः लहान मूल, घामाने न्हाऊन निघे, हातपाय गार पडत, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येई. पुस्तकात विंचूदंशाच्या वेदनेवर चार ओळी होत्या. या मरणाचं कारण नव्हतं. बावस्कर पेशंटच्या उशाशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. त्या नोंदींतून चित्र स्पष्ट झालं. विषामुळे शरीरातली उत्तेजक द्रव्यं पुराच्या लोंढ्यासारखी सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि त्या ताणाखाली हृदय थकतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध हवं. रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. ज्या गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं खाली आलं. हे निरीक्षण 'लॅन्सेट'पर्यंत पोहोचलं. मधल्या काळात बावस्करांनी एमडी केलं आणि ते पुन्हा महाडलाच आले. 2011 मध्ये त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, असं त्यातून दिसलं. 2022 मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. मला या कहाणीतली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी वाटते. उपाय गोळीच्या रूपात होता, त्यामुळे कोकणातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रातला नवखा डॉक्टर तो देऊ शकत होता.

प्रत्येकाच्या नशिबी 'लॅन्सेट' नसतं, आणि त्याची गरजही नाही. पण नोंदींची सवय कुणालाही लावून घेता येते. एखाद्या रविवारी गेल्या महिन्यातले शंभर केसपेपर काढून बसावं. कोणतं दुखणं किती वेळा आलं, कुणाला आपण पुढे पाठवलं, का पाठवलं, आणि त्यातल्या किती जणांना पाठवायची खरंच गरज होती, हे लिहून काढावं. पुण्याच्या पेठेतल्या डॉक्टरच्या यादीत सत्तरी ओलांडलेली माणसं निघतील. वाळूज किंवा चाकणच्या डॉक्टरकडे पाठदुखी, कापलेली बोटं, रसायनांनी उतलेली कातडी. नंदुरबारच्या बाजूला अशक्त बाळं, सिकलसेल. कोर्स ठरवायचा तो या यादीवरून.

बहुतेकांच्या यादीत वरच्या ओळीला मधुमेह असतो. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि चेन्नईची डॉ. मोहन्स डायबिटीस एज्युकेशन अॅकॅडमी यांनी मिळून प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी मधुमेहाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला आहे. महिन्यातून एक दिवस, असं वर्षभर. म्हणजे दवाखाना बंद ठेवावा लागत नाही. अशा अभ्यासानंतर खरा फरक दवाखान्यात दिसायला हवा. दर पेशंटचे मोजे उतरवून पाय बघायचे, 10 ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळव्याची संवेदना तपासायची, वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन बघायचं आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्यायची. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो आठवड्यातला एक ठरलेला वार आणि कोण आलं नाही ते सांगणारी यादी. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळसा खाणींच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने रक्तदाबाच्या बाबतीत हेच केलं होतं. जो आला त्याला तपासलं, जो आला नाही त्याला शोधून काढलं, आणि हे काम पंचवीस वर्षं नेटाने चालवलं. शेजारच्या खेड्याच्या तुलनेत त्याच्या गावातलं अकाली मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. ज्यांना उपचारांची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापर्यंतच चांगले उपचार सर्वांत कमी पोहोचतात, हा 1971 मध्ये त्याने मांडलेला नियम आजही जगभर शिकवला जातो.

औद्योगिक वसाहतीजवळ दवाखाना असेल तर वाट आणखी सरळ आहे. 1948 च्या कारखाना कायद्यापासून कामगारांच्या तपासणीची जबाबदारी डॉक्टरांवर येत गेली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना औद्योगिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले डॉक्टर लागतात. त्यासाठीचा एएफआयएच हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम एमबीबीएस डॉक्टरांना करता येतो. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. तो केलेला डॉक्टर सकाळी काही तास कारखान्यात आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसू शकतो. एक इशारा मात्र द्यायला हवा. पगार कारखाना देतो आणि कान कामगाराचा तपासायचा असतो. आवाजाने बहिरेपण येतं आहे हे कागदावर लिहिण्याचं धैर्य ज्याच्याकडे नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

ज्या वाटेबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं, ती आहे उपशामक सेवा, म्हणजे बरा न होणारा आजार झालेल्या माणसाचं दुखणं हलकं करण्याची विद्या. कॅन्सरचा पेशंट मोठ्या हॉस्पिटलातून 'आता घरी न्या' असं सांगून परत पाठवला जातो. घरी येतो म्हणजे कुणाकडे येतो? फॅमिली डॉक्टरकडे. रात्री फोन येतो: 'डॉक्टरकाका, बाबांना सहन होत नाहीये.' डॉक्टर जातो आणि त्याच्या बॅगेत त्या वेदनेला पुरं पडेल असं औषध नसतं, कारण कॉलेजात हे कुणी शिकवलेलंच नसतं.

भारतात ही सेवा तशी उशिरा रुजली. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन उभं राहिलं, पुढे गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र झालं. पुण्यात वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं केंद्र 1997 चं. पण घरोघरी पोहोचण्याचा नमुना घालून दिला तो केरळने. कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये वेदनाशमनाची संस्था काढली. पुढे शेजारीपाजारी, शिक्षक, निवृत्त माणसं प्रशिक्षण घेऊन पेशंटच्या घरी जाऊ लागली. राजगोपाल यांनी 2003 मध्ये तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया सुरू केली. मॉर्फिन मिळवणं हीच मुळात मोठी अडचण होती. अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवान्यांच्या इतक्या पायऱ्या होत्या की औषधाची दुकानं आणि हॉस्पिटलं ते ठेवायलाच तयार नसत. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं.

फॅमिली डॉक्टर यातलं बरंच शिकू शकतो. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा काही आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. त्यात मॉर्फिनचा डोस ठरवणं आलं, तो वेळेवर म्हणजे दुखायची वाट न पाहता देणं आलं, त्याने होणाऱ्या बद्धकोष्ठावर पहिल्या दिवसापासून औषध देणं आलं. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी, गिळता येत नसेल तर काय करावं, धाप लागली असता खिडकी उघडून तोंडावर पंख्याचा वारा घेतल्याने किती बरं वाटतं, हे घरच्यांना दाखवणं आलं. आणि सर्वांत अवघड, 'डॉक्टर, मी यातून उठणार ना?' या प्रश्नापुढे खोटं न बोलता बसून राहणं. हे काम करायला स्पेशालिस्टला आधी त्या घराची ओळख करून घ्यावी लागते. फॅमिली डॉक्टरला ती असतेच. थोरल्या सुनेला सांगायचं की धाकट्या मुलाला, हे त्याला पहिल्याच व्हिजिटला ठाऊक असतं.

आता पदव्यांचं. एमबीबीएसला साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. त्यानंतर फॅमिली मेडिसिन हा स्वतंत्र विषय घेऊन राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं तीन वर्षांचं डीएनबी करता येतं, आणि या मंडळाने त्याच विषयात दोन वर्षांची पदविकाही सुरू केली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा दूरशिक्षणाने होणारा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम नोकरी किंवा प्रॅक्टिस न सोडता करता येतो. पुढे कमी पाठवा, इथेच जास्त सोडवा, हे त्यामागचं सूत्र. फॅमिली मेडिसिनला स्वतंत्र शाखा म्हणून बळ द्यावं असं 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच म्हटलं होतं. तरीही बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आजही नाही. ज्याला लहानपणी ताप आल्यावर फॅमिली डॉक्टरने बरं केलं, तो विद्यार्थी सगळं शिक्षण एकाही फॅमिली डॉक्टरचं तोंड न पाहता पुरं करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रात फॅमिली डॉक्टर म्हटलं की त्यात बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर मोठ्या संख्येने आले. खेड्यांतली सेवा बऱ्याच अंशी त्यांच्याच खांद्यावर आहे. त्यांना वरच्या सगळ्या वाटा खुल्या नाहीत. आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्राच्या पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून अनेक बीएएमएस डॉक्टर तिथे काम करत आहेत. घरोघरच्या रक्तदाब-मधुमेहाच्या तपासण्या, गर्भवतींचा पाठपुरावा हे काम ज्याला मनापासून आवडतं, त्याला तिथे वाढायला जागा आहे.

सरकारी सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी आणखी एक वाट होती, जिची चर्चा फारशी झाली नाही. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसतो म्हणून सिझेरियन अडतं आणि बाई जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत दगावते. हे टाळण्यासाठी एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांना काही महिन्यांचं जीवरक्षक भूलशास्त्राचं आणि तातडीच्या प्रसूतिसेवेचं प्रशिक्षण देण्यात आलं. ऑस्ट्रेलियात याच कल्पनेचा पुरा डोलारा उभा आहे. तिथे दूरवरच्या गावातला जनरल प्रॅक्टिशनर भूल, प्रसूती किंवा तातडीची सेवा यांपैकी एखाद्यात जास्तीचं शिक्षण घेतो आणि त्याला ग्रामीण जनरलिस्ट म्हणून वेगळा मान आणि वेतन मिळतं. ब्रिटनमध्येही 2000 सालापासून जनरल प्रॅक्टिशनरने त्वचारोग, मधुमेह अशा एखाद्या विषयात जास्तीची भूमिका घ्यावी, आठवड्यातले काही तास तिथे द्यावेत आणि बाकी वेळ आपल्या पेशंटना, अशी पद्धत पडत गेली. आपल्याकडे डॉक्टर हे शिकतो, पण शिकल्यावर त्याला पायरी मिळत नाही. बदली झाली की भूल द्यायला शिकलेला डॉक्टर अशा केंद्रात जातो जिथे शस्त्रक्रियागृहच नसतं. इथे दोष डॉक्टरच्या उमेदीचा नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगतो. विमा कंपन्यांसाठी तपासणी, राज्य कामगार विमा योजनेच्या पॅनलवर काम, ही जोडउत्पन्नाची साधनं आहेत. त्यांतून ज्ञान फार वाढत नाही. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनचे नियम आल्यापासून गाव सोडून गेलेल्या मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या डॉक्टरशी बोलणं सोपं झालं आहे. त्यात कोणती औषधं फोनवर द्यायची आणि कोणती मुळीच नाही, याच्या याद्या आहेत. त्या नीट वाचून घ्याव्यात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट गुण लागतात. ते गुण कुठल्याही व्याख्यानाला हजेरी लावून जमवता येतात, पण मी म्हणेन की आधी शंभर केसपेपरांची ती यादी काढावी आणि मग व्याख्यान निवडावं. आणि जवळच्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी महिनाभर आपल्या दवाखान्यात बसायला तयार असेल, तर त्याला खुर्ची द्यावी. 'याला अँटिबायोटिक का दिलं नाहीत, सर?' असं त्याने विचारलं की स्वतःचंच उत्तर पुन्हा तपासून पाहावं लागतं.

मॅकेन्झीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. 1907 मध्ये तो लंडनला गेला, हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्याचं नाव झालं, त्याला सर हा किताब मिळाला. आणि तिथे त्याला एक गोष्ट खटकू लागली. हॉस्पिटलात त्याच्यापुढे येणारे सगळे पेशंट आजार बळावल्यानंतरचे होते. सुरुवात कशी झाली, पहिली खूण कोणती होती, हे बघायला कुणीच नव्हतं. बर्नलीत तो ते रोज बघत होता. लंडनची जोरात चाललेली प्रॅक्टिस सोडून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या लहानशा गावी गेला. तिथे त्याने एक संस्था काढली आणि गावातल्या जनरल प्रॅक्टिशनरांना सोबत घेतलं. ते आपापल्या पेशंटच्या बारीकसारीक तक्रारींच्या नोंदी घेऊन येत, आणि कोणत्या तक्रारीतून पुढे कोणता आजार निघतो याचा माग काढायला एकत्र बसत.